धनीरामकडून घेतलेली विलायती फ्रेम

६ मार्च १९७९, पवनी

जुनी सायकल, धनीरामकडून: रु. ८५. धनीरामला चहा दोनदा, भजी एकदा: रु. १.४०. सायकल विकल्यावर त्याची मच्छीची टोपली घाटावरून बाजारात न्यायला वाहनच उरलं नाही, त्याचं रिक्षाभाडं माझ्याच गळ्यात: रु. २. मच्छीचा वास काढायला चिंच आणि सोडा: रु. १.१०. वास गेला नाही म्हणून उदबत्तीचा पुडा: ५० पैसे. एकूण नव्वद रुपये रोख. बायको चंद्रकांता दुपारपासून बोलत नाही, त्याची किंमत धरलेली नाही. तो नफाच.

तरीही फुकट पडली. फ्रेमवर नाव नाही, नंबर नाही, पुढचा बिल्ला कोणीतरी केव्हाच उपटलेला. पण मी नुसती टिचकी मारली आणि कानाला कळलं. विलायती!

धनीराम नदीवर जाळं टाकतो. सौदा होताना म्हणतो, 'शेठजी, लय जड हाये, अन् माह्यासंग भांडते, म्हनून विकून राहिलो.' माल विकताना स्वतःच दोष सांगतो! हा माणूस या जन्मी वर येणार नाही.

आमच्या मुलीचं, बेबीचं, लग्न २ मेला. जावई शहापूरचा, तिथल्या फॅक्टरीत नोकरीला, ड्यूटीवर पायी जातो. बोलणीत त्याच्या आईनं 'एक नवी सायकल' म्हटलं होतं. नवी काय, कोणीही देतो. मी विलायती देणार. आजच कळवून टाकलं.

७ मार्च, सकाळी

चाकं, हँडल, सीट सगळं उतरवलं आणि उघडी फ्रेम दुकानाच्या आढ्याला दोरीनं टांगली. लाकडी हातोडीनं एक ठोका. टन्न्न्न... अकरा आकडे मोजेपर्यंत नाद! शेजारच्या गुरुजींची नवी सायकल टांगायला मागितली, ते घाबरले. उभीच वाजवली. टण. संपलं. गुरुजी पण असेच, वाजले की लगेच संपतात.

बावीस वर्षं भांडी विकतो आहे. पाणी भरायचा गुंड वाजवून सांगतो पितळ कोणत्या भट्टीचं. डोळ्याला न दिसणारी चीर मला ऐकू येते. माझ्या कानातून काही सुटत नाही, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.

कान तसाच हात. भांड्यावर नाव टाकायचं तर लोक माझ्याकडेच येतात. टिंबाटिंबांचं अक्षर, आणि नाव संपलं की खाली तीन टिंबं, बेलाच्या पानासारखी. अशी खूण दुसरा कोणीच टाकत नाही. साकोलीत चोरलेला गुंड भंडाऱ्यात सापडला तो या तीन टिंबांवरून.

फ्रेमकडे बघताना माझी पहिली सायकल आठवली. कसली सायकल! माझ्याच गल्लीतल्या टिकाराम मिस्त्रीनं १९६१ साली भातगिरणीच्या मोडक्या पंपाच्या पाइपाची जोडून दिली होती. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग तिला फासला, भांडी लादली आणि सहा वर्षं गावोगाव फिरलो. डावीकडे ओढायची, मी उजवीकडे कलून चालवायचो. शिंपी अजून म्हणतो, शेठजी, उजवा खांदा उतरला आहे. १९६७ मध्ये सानगडीच्या बाजारात एका गाढवाला विकली. काय सांगून विकली ते आठवत नाही, पण त्यानं हँडलला हात लावून नमस्कार केला होता. तसं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

त्या पाइपात आणि या फ्रेममध्ये काय फरक आहे ते ज्याला कान आहे त्यालाच कळेल.

९ मार्च

फ्रेम घेऊन भय्याजीच्या दुकानात गेलो. दुकानात बारा नव्या सायकली आणि एकही विचार नाही. त्यानं फ्रेम उलटी केली, सुलटी केली, जोडावर नख ओढलं आणि म्हणाला, 'भोजराज शेठ, हे कोनत्याच कंपनीची नाई.' मी म्हटलं, नाव लिहिलेलं असेल तर शाळेतलं पोरही वाचतं, नाव नसताना ओळखायला कान लागतो. म्हणे, 'मंग लावा न कान. कोनती हाये?' मी म्हटलं, विलायती. म्हणे, 'विलायत लय मोठी हाये शेठ, घरनंबर सांगा.'

गिऱ्हाइकं हसली. हसणाऱ्यांत तिघं माझे उधारीवाले.

तिथंच चारचौघांत सांगून आलो: माझा कान चुकला तर तुझ्याच दुकानातून नवी सायकल घेईन, भाव करणार नाही, आणि भरबाजारातून स्वतः चालवत घरी नेईन. भय्याजीनं लगेच एका सायकलवरची धूळ पुसली. असल्या लोकांना दुसऱ्याच्या ज्ञानात नुसता स्वतःचा धंदा दिसतो.

निश्चय: ३१ मार्चच्या आत बनवणाऱ्याचं नाव शोधायचं.

११ मार्च

टिकाराम मिस्त्री सकाळी दुकानासमोरून चालला होता. आता ठार बहिरा आहे, कामही होत नाही. टांगलेली फ्रेम पाहून थबकला. जवळ आला, जोडांवरून हात फिरवला, खालून वाकून पाहिलं आणि बोळक्या तोंडानं हसायला लागला. मग बहिरे ओरडतात तसा ओरडला, 'अगा शेठ, हे तं आप...' मी हात वर करून थांबवलं. गिऱ्हाईक उभं होतं. आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो मला नादातलं काय सांगणार? हातावर सुपारी ठेवून वाटेला लावला.

तरी जाताना दोनदा मागं वळून हसला. वय झालं की माणसाला कशाचंही हसू येतं.

१४ मार्च

सायकल पुन्हा जोडली आणि ट्रायल घेतली. आधी नोकराला बसवलं, तो सरळ डावीकडे पानठेल्यात. मग गुरुजींना आग्रह केला, तेही डावीकडेच, पण पानठेला हललेला असल्यामुळे भिंतीवर. मग मी बसलो. घाटापर्यंत गेलो आणि परत आलो. सुतासारखी सरळ! इकडे नाही, तिकडे नाही.

याला म्हणतात जातिवंत वस्तू. बसणारा कोण आहे ते तिला कळतं. नव्या देशी सायकलीनं माझ्याखाली असं जाऊन दाखवावं.

इंजिनिअरिंगही लक्षात आलं. विलायतेत रस्त्यानं डावीकडून जातात, म्हणून फ्रेमच तशी घडवतात. गुरुजी म्हणाले, आपणही डावीकडूनच जातो. मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही भिंतीवर गेलात.

चंद्रकांता आज बोलली. म्हणाली, 'अजी, एक नवी सायकल घेऊन टाका न. कायले त्या पोरीच्या जिवाले घोर?' आठ दिवस विचार करून बाईनं एवढंच काढलं.

१९ मार्च

शहापूरला विहीणबाईंकडे जाऊन आलो. आनंदाबाईंनी बिड्या वळून एकटीनं पोराला मॅट्रिक केलं, त्यामुळे स्वभावात नरमाई नाही. चिवडा दिला तो पितळेच्या डब्यातून. डब्यावर त्यांचं नाव आणि खाली माझी तीन टिंबं. म्हणाल्या, 'व्याही, इथल्या बाजारातून घेतला होता, नाव तुमीच टाकलं होतं.' मी म्हटलं, बघा, माझी वस्तू आणि माझी खूण कधी पुसत नाही.

मग मुद्द्यावर आल्या. 'विलायती म्हन्ता तं नाव दाखवा. माह्या पोराच्या संगचे सारे नावाच्या सायकलीवर जाते. नाव नाई तं नवी द्या. दोन्ही नाई तं तारीख पुढं सरकवू. इतके दिस पायी गेला, आनखी सहा महिने जाईन.'

मी हसत हसत म्हटलं, नाव दाखवतो, बनवणाऱ्याचं गावही दाखवतो. १५ एप्रिलला पवनीला या. म्हणजे ३१ मार्चची मुदत आता १५ एप्रिल. ही मुदतवाढ नव्हे, पाहुण्यांच्या सोयीनं केलेला बदल आहे.

घरी सांगितलं. बेबी म्हणाली भूक नाही आणि पानावरून उठली. या वयात मुलींना भूक कमीच लागते.

२५ मार्च

नागपूर. चाकं, हँडल पुन्हा उतरवून एसटीच्या टपावर उघडी फ्रेम, तिचं वेगळं तिकीट. महाल भागात जुन्या सायकलींचा एक मोठा दुकानदार आहे, एक्स्पर्ट म्हणतात. त्यानं खुर्चीतून न उठता चष्म्यावरून पाहिलं आणि एकच शब्द बोलला. 'पाइप.'

मी म्हटलं, फ्रेमा पाइपाच्याच असतात, तुम्ही काय बांबूच्या विकता? तो म्हणाला, 'भाऊसाहेब, पाणी यायचा पाइप.' आणि पेपर वाचायला लागला. नागपूरच्या लोकांना शहाणपणाची एवढी घाई असते की वस्तूला हातसुद्धा लावत नाहीत. मी त्याच्यासमोर फ्रेम दोरीला धरून वाजवली. अकरा आकडे. तो म्हणाला, 'मंदिरात बांधा.'

अपमानाचा प्रश्नच नाही. उलट फायदा झाला. एक्स्पर्टलाही ओळखू येत नाही इतकी दुर्मिळ वस्तू आहे, हे प्रूफ मिळालं.

४ एप्रिल

नवा मार्ग. बनवणारा सापडत नसेल तर मालकांची साखळी धरून मागं जायचं. पोलीससुद्धा असंच करतात, फक्त ते हुशार नसतात.

घाटावर धनीरामला गाठलं. जाळं विणत बसला होता, हात न थांबवता म्हणाला, 'सानगडीच्या घनश्यामभाऊकडून घेतली, तीन सालं झाले. तेनं बी विलायतीच म्हनलं होतं.' मी म्हटलं, ऐका! म्हणे, 'पुरं आयका न शेठ. विलायती म्हनलं म्हनून घेतली, चालवली तवा कळलं. मी तुमाले विलायती म्हनलो नाई. तुमीच म्हनले.'

त्याची बायको गुणाबाई मच्छी निवडत होती, ती खाली मान घालून हसली. पदराआड हसली तरी मला ऐकू येतं. पण मुद्दा सिद्ध झाला: मी म्हणायच्या आधीही एक माणूस विलायती म्हणत होता. दोन साक्षीदार, दोन वेगळी गावं, एकमेकांना ओळखतही नाहीत.

७ एप्रिल

सानगडी. मोठा दिवस.

घनश्याम शेतकरी माणूस, अंगणात धानाची पोती शिवत होता. म्हणाला, सायकल त्याच्या काकाची. काकानं फार वर्षांपूर्वी इथल्याच बाजारात घेतली. विकणारा फेरीवाला कोणी परगावचा, नाव माहीत नाही. पण त्यानं जे सांगितलं ते घरात सगळ्यांना पाठ: एक गोरा साहेब देश सोडून जाताना या माणसाच्या हातात सायकल देऊन रडला होता, 'हिला मुलीसारखी ठेव' म्हणाला होता. विकताना त्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी. काकाचं मन असं भरून आलं की त्यानं मागितले तेवढे पैसे दिले आणि सायकलच्या पाया पडला. पुढं दर दसऱ्याला हळदकुंकू.

गोरा साहेब! आणि तो विकणारा! गरीब फेरीवाला, पण शब्दाचा केवढा पक्का, वस्तूवर केवढी माया. अशी सच्ची माणसं आता धंद्यात राहिली नाहीत. असता तर घरी बोलावून आहेर केला असता.

घनश्याम म्हणाला, 'माह्या काकानं मरेपर्यंत त्या मानसाले शिव्या देल्या. डाव्या अंगाले पडून पडून दोनदा हात मोडला.' अडाणी माणसाच्या मताला काय किंमत.

एक विशेष. घनश्याम सांगत असताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठंतरी ऐकलं आहे. कान तयार असले की असं होतं. खरी गोष्ट पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते.

१२ एप्रिल

रंग खरवडायला घेतला. वरून हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी. सगळ्यात खाली लाल, रॉकेलचा बोळा लागला की हाताला लागणारा. असला लाल आपल्याकडे मिळत नाही. विलायती लाल.

पायडलची दांडी जिथून जाते त्याच्या बुडाशी एकावर एक थर साचले होते. तिथं घासताना तीन टिंबं निघाली. ठोकलेली! वर आणखी काही आहे, पण रंगाखाली.

चंद्रकांता चहा घेऊन आली होती. वाकून पाहिलं आणि म्हणाली, 'अजी, हे तं तुमचं बेलपान दिसते.' मी म्हटलं, बाईमाणसाला जिथं तिथं बेलपान दिसतं. कारखान्यात माल तीनदा तपासतात, प्रत्येक तपासणीचं एक टिंब. ती म्हणाली, 'पुरं घासून पाहा न मंग.' मी म्हटलं, नाही. वरचं नाव १५ तारखेला उघडायचं, सर्वांसमोर, भय्याजीसमोर. बाईला सोहळा कळत नाही.

ती खाली बसून तीनही टिंबं बोटानं चाचपत राहिली. चहा गार झाला तो तिच्यामुळे.

१५ एप्रिल, सकाळी

तयारी पूर्ण. दुकानासमोर सतरंजी, सायकल मधोमध पाटावर उलटी, तिला झेंडूची माळ. पेढे एक किलो. भय्याजीला मुद्दाम माणूस पाठवून बोलावलं आहे. धनीरामही येतो म्हणाला. टिकाराम न बोलावता येऊन पहिल्या रांगेत बसला आहे, आणि अजून हसतोच आहे. बेबीला सांगितलं, आज बापाचा कान बघ. ती म्हणाली, 'बाबा, नाव नाई निंघालं तं?' म्हटलं, निघणारच. टिंबं माझ्या हातानं चाचपली आहेत.

१५ एप्रिल, संध्याकाळी

नाव निघालं.

क्रमानं लिहितो. आनंदाबाई दहाच्या बसनं आल्या, पाहुणचाराचे लाडू त्याच पितळी डब्यातून आणले. मी थोडक्यात भाषण केलं. गोरा साहेब सांगितला, सच्चा फेरीवाला सांगितला. लोक गंभीर झाले, एकदोघांनी मान हलवली. मग मी रॉकेलचा बोळा घेतला. माझं तोंड लोकांकडे, हात घासत होता. वाचायचा मान विहीणबाईंना दिला. त्या प्रौढशिक्षणात शिकल्या आहेत, एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचतात.

'भो... ज... रा... ज.' थांबल्या. 'प... व... नी.' मग 'एकोनीसशे एकसष्ट.'

आनंदाबाईंनी लाडूचा डबा उचलला आणि नावाशेजारी धरला. इकडे तीन टिंबं, तिकडे तीन टिंबं.

सर्वात आधी भय्याजी बोलला. 'काहून शेठ, विलायतेत बी ब्रँच होती काय?'

मग जो हशा झाला तो घाटापर्यंत गेला असेल. धनीराम हसता हसता सतरंजीवर आडवा झाला. गुरुजींचं हसू पहिल्यांदाच लवकर संपलं नाही. बेबीसुद्धा हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. एकटा टिकाराम हसत नव्हता. त्याला वाटलं सगळ्यांना आता समजलं, काम झालं. तो पेढा खात होता.

आनंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, 'व्याही, दोन मे पक्की. पन सायकल नवी, अन् बिल माह्या पोराच्या नावानं.' मी म्हटलं, हो.

विचार करतो आहे. १९६१ मध्ये माझ्याकडे नकळत विलायती सायकल आली असण्याची शक्यता अगदीच नाही असं नाही. टिकारामनं कुठून आणली होती ते विचारायला हवं.

१६ एप्रिल

टिकारामच्या घरी गेलो. माझ्या दुकानापासून चौथं घर. कानाशी तोंड नेऊन विचारलं. तो ओरडला, अर्ध्या गल्लीनं ऐकलं, 'आनली कोठून म्हंजे? मीच केली न बापा! भातगिरनीचा पाइप. तुमी समोर बसून होते, तीन दिस!'

विचारलं, ११ मार्चला दुकानासमोर काय सांगत होतास? म्हणाला, 'हेच.'

विचारलं, तुला तर ऐकू येत नाही, नाद कळत नाही, मग ओळखली कशी? माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बहिरा. म्हणाला, 'डोळ्यानं पाह्यली न.'

सानगडीच्या काकाचं मला फार वाटत नाही. ते पैसे मी तेव्हाच धंद्यात घातले.

१८ एप्रिल

भय्याजीकडून नवी सायकल घेतली. भाव केला नाही. बेबीनं रंग निवडला, काळा. बिल जावयाच्या नावानं. जुनी टिकारामनं मागितली, देऊन टाकली. तिच्यावर बसला आणि तोही डावीकडे गेला, पण खूश होता.

मग ठरल्याप्रमाणे नवी सायकल भरबाजारातून चालवत घरी निघालो. उजवीकडे ओढत होती. दुकानापासून घरापर्यंत तीनदा उजव्या हाताच्या नालीत गेलो. भय्याजीला बोलावून म्हटलं, माल खराब आहे. तो बसला, हात सोडून घाटापर्यंत गेला आणि हात सोडूनच परत आला. सुतासारखा सरळ.